फाइलसिस्टीमची टेस्ट: तयार डिस्क इमेज कधी वापरावी, एरर इंजेक्शन कधी करावं

फाइलसिस्टीमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, कोडमध्ये सगळ्यात कमी वेळा चालणारा भाग म्हणजे काहीतरी बिघडल्यावर चालणारा भाग. डिस्क धड आहे, मेमरी पुरेशी आहे, वीज गेलेली नाही, तोपर्यंत त्या ओळींना कोणी हात लावत नाही. ज्या दिवशी त्या चालतात त्या दिवशी मात्र कोणाचा तरी डेटा पणाला लागलेला असतो. म्हणून हा कोड मुद्दाम चालवून बघावा लागतो, आणि त्याच्या दोन रीती आहेत. एक, आधीच बिघडवून ठेवलेली डिस्क इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) फाइलसिस्टीमसमोर किंवा तिच्या दुरुस्ती टूलसमोर ठेवायची. दुसरी, धड फाइलसिस्टीमवर काम चालू असताना खालून एरर सोडायच्या, म्हणजे एरर इंजेक्शन.

यातलं चांगलं कुठलं, असा प्रश्न विचारला की उत्तर चुकतं, कारण दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. इमेज विचारते: ही बिघडलेली स्थिती समोर आली, आता काय करशील? इंजेक्शन विचारतं: काम अर्ध्यावर असताना घात झाला, आता काय करशील? पहिला प्रश्न स्थितीचा, दुसरा घटनेचा. कुठली टेस्ट लिहायची, ती किती दिवस टिकेल आणि ती नापास झाली तर नेमकं काय कळेल, हे सगळं या फरकावर ठरतं.

लेखातली उदाहरणं लिनक्सवरची आहेत, मुख्यतः ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइलसिस्टीमची.

सुरुवात: बग एका वाक्यात लिहा

टूल उघडण्याआधी ज्या बगसाठी किंवा ज्या भीतीसाठी टेस्ट लिहायची आहे, तो एका पूर्ण वाक्यात लिहा. तीन नमुने बघा.

“इनोडच्या एक्स्टेंट ट्रीमधल्या दोन नोंदी एकमेकींवर चढल्या असतील तर ई२एफएससीके दुरुस्ती अर्धवट सोडतं.” (इनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद, एक्स्टेंट ट्री म्हणजे फाइलचा मजकूर डिस्कवर कुठे आहे याची यादी, ई२एफएससीके म्हणजे ईएक्सटी४चं दुरुस्ती टूल.) यात घटना नाही, फक्त स्थिती आहे. ती स्थिती कशी आली याच्याशी टेस्टला देणंघेणं नाही. इथे इमेजच हवी.

“जर्नलमध्ये कमिट लिहिताना राइट फसला, तरी एफसिंक यशस्वी झाल्याचं सांगतो.” (जर्नल म्हणजे बदल आधी लिहून ठेवायची नोंदवही, कमिट म्हणजे तिच्यातला बदल पक्का करणं, एफसिंक म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवून घेण्याची विनंती.) ही घटना आहे. डिस्कवर शेवटी काय उरलं यापेक्षा त्या क्षणी कोडने कोणाला काय सांगितलं, हे तपासायचं आहे. कुठलीही इमेज हे दाखवू शकत नाही.

“रिनेम केल्यावर लगेच वीज गेली तर फाइल जुन्या नावानेही सापडत नाही आणि नव्यानेही नाही.” हा मधला प्रकार. घटना आहे, पण तिचा पुरावा डिस्कवरच्या स्थितीत राहतो. याच्यासाठी डीएम-लॉग-राइट्स नावाचं वेगळं साधन आहे, त्याच्याकडे पुढे येऊ.

वाक्य लिहिता येत नसेल तर बग अजून नीट कळलेला नाही. तेव्हा टेस्ट लिहायला बसू नका, आधी तो शोधा.

इमेज लहान हवी आणि दर वेळी तीच हवी

ईएक्सटी कुटुंबाच्या ई२एफएसप्रॉग्ज या संचातला टेस्टचा फोल्डर उघडून बघण्यासारखा आहे. दुरुस्तीच्या प्रत्येक टेस्टचा छोटा फोल्डर, त्यात जीझिपने दाबलेली इमेज आणि अपेक्षित आउटपुटच्या दोन फाइल्स: ई२एफएससीके पहिल्यांदा चालवल्यावर काय म्हणायला हवं आणि दुसऱ्यांदा काय म्हणायला हवं. अशा टेस्ट शेकड्यांनी आहेत आणि सगळ्या भराभर होतात, कारण इमेज इवल्याशा आहेत.

ट्रंकेट कमांडने हव्या त्या आकाराची विरळ फाइल (रिकाम्या भागाला डिस्कवर जागा न घेणारी) करा. ईएक्सटी४ला काही एमबी पुरतात. एक्सएफएसचं तसं नाही. अलीकडचं एमकेएफएस, म्हणजे फाइलसिस्टीम बनवणारं टूल, ३०० एमबीपेक्षा लहान फाइलसिस्टीम बनवायलाच नकार देतं. तिथे विरळ फाइल आणि वर एक्सझेडचं दाबणं, याला पर्याय नाही. रिकाम्या जागेत शून्यं असल्यामुळे ती दाबली की आकार पुष्कळ उतरतो.

लहान आकाराइतकंच इमेज पुन्हा हुबेहूब बनवता येणं महत्त्वाचं आहे. ईएक्सटीचं एमके२एफएस दर वेळी नवा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि डिरेक्टरी हॅशसाठी नवं बीज निवडतं, म्हणून दोन्ही स्वतः द्या. वेळेचा शिक्का स्थिर ठेवण्यासाठी ई२एफएसप्रॉग्जमध्ये खोटी वेळ देणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, तो वापरा. फीचर्सची यादीही स्वतःच लिहा. एमकेएफएसचे डीफॉल्ट आवृत्तीगणिक बदलतात, आणि आज लिहिलेली स्क्रिप्ट पुढच्या आवृत्तीवर मुकाट्याने वेगळीच फाइलसिस्टीम बनवू लागते. टेस्ट पास होतच राहते, फक्त ती ज्याची होती त्याची उरत नाही. हा धोका टेस्ट नापास होण्यापेक्षा मोठा आहे.

आत फाइल्स घालायला माउंट करायचीही गरज नाही. एमके२एफएसला एखादा फोल्डर दिला की त्यातला मजकूर ते थेट इमेजमध्ये भरतं, म्हणजे रूट परवानगीही लागत नाही. शेवटी स्क्रिप्ट दोनदा चालवा आणि दोन्ही इमेजचे एसएचए-२५६ (मजकुरावरून काढलेले ठसे) ताडून बघा. जुळले नाहीत तर दोन्हींची बाइट-बाइट तुलना करा. बहुतेक वेळा भरलेल्या फाइलींपैकी एखादीचा वेळेचा शिक्काच दोषी निघतो.

बिघडवताना चेकसम विसरू नका

पहिल्यांदा इमेज बिघडवणारा बहुतेक जण डीडी ही बाइट लिहिणारी कमांड घेतो, हव्या त्या ऑफसेटवर चार बाइट बदलतो आणि टेस्ट चालवतो. फाइलसिस्टीम लगेच “चेकसम जुळत नाही” म्हणते आणि टेस्ट पास झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात जो कोड तपासायचा होता त्याच्यापर्यंत गाडी पोचलेलीच नसते. आजच्या ईएक्सटी४मध्ये आणि एक्सएफएसच्या पाचव्या फॉरमॅटमध्ये मेटाडेटाला (फाइलींविषयीच्या माहितीला) चेकसम, म्हणजे मजकूर बदलला का ते सांगणारा ताळ्याचा आकडा, असतो. दारावरच्या त्या पहारेकऱ्यानेच तुम्हाला परत पाठवलेलं असतं.

म्हणून एकाच बिघाडाच्या दोन टेस्ट करा. पहिलीत मजकूर बदललेला आणि चेकसम जुनाच. ही डिस्कवर बिट उलटण्याची नक्कल, आणि इथे फाइलसिस्टीमने पहिल्याच पायरीवर थांबायला हवं. दुसरीत मजकूर चुकीचा पण चेकसम बरोबर. असं कधी होतं? फाइलसिस्टीमच्याच कोडमध्ये बग असला, तिने स्वतःच वेडंवाकडं काही लिहून त्यावर प्रामाणिकपणे चेकसम लावला, तेव्हा. मेमरीत बिट उलटला आणि चेकसम त्यानंतर काढला गेला, तरी तेच. कोणी मुद्दाम घडवलेली इमेज माउंट करायला दिली, तरी तेच. दुसऱ्या प्रकारची टेस्टच आतल्या तपासण्यांपर्यंत पोचते: ही लांबी शक्य आहे का, हा ब्लॉक नंबर फाइलसिस्टीमच्या हद्दीत आहे का, हे झाड स्वतःकडेच परत तर वळत नाही ना.

यासाठी प्रत्येक फाइलसिस्टीमचं आपलं हत्यार वापरा. ईएक्सटी४साठी डीबगएफएस, म्हणजे ई२एफएसप्रॉग्जमधलं टूल, लिहिण्याच्या मोडमध्ये उघडा. इनोडचं एखादं फील्ड, सुपरब्लॉकमधली (फाइलसिस्टीमच्या मूळ माहितीच्या ब्लॉकमधली) एखादी किंमत नावाने बदलता येते, ऑफसेट मोजत बसावं लागत नाही. इनोड लिहिताना ते चेकसमही नव्याने काढतं. एक्सएफएसच्या एक्सएफएस_डीबी या टूलच्या तज्ज्ञ मोडमधल्या राइट कमांडला दोन पर्याय आहेत: ‘सी’ दिला तर तपासणी आणि चेकसमची फेरगणना दोन्ही टळतात, ‘डी’ दिला तर तपासणी टळते पण चेकसम नव्याने काढला जातो. वरच्या दोन टेस्ट म्हणजे नेमके हेच दोन पर्याय.

एका इमेजमध्ये एकच बिघाड ठेवा. दोन बिघाड असले की पहिल्याची दुरुस्ती दुसऱ्याला झाकते, आणि टेस्ट नापास झाल्यावर कोणाला दोष द्यायचा ते कळत नाही. दोन बिघाडांचा परस्परसंबंध हाच बग असेल, तर गोष्ट वेगळी.

इमेजसोबत तिची कृती

माझं मत ठाम आहे: इमेज स्क्रिप्टने पुन्हा बनवता येत असेल तर रेपोत स्क्रिप्टच ठेवा, बायनरी नको. बायनरी फाइल पॅचमध्ये वाचता येत नाही, रिव्ह्यू करणाऱ्याला आत काय आहे दिसत नाही, आणि गिटच्या इतिहासातून ती सहजासहजी हलत नाही. दोन वर्षांनी टेस्ट नापास झाली की समोर दाबलेली फाइल आणि एक ओळीचं नाव, एवढंच असतं. स्क्रिप्ट असली तर हेतू ओळीओळीने वाचता येतो.

तरी काही वेळा बायनरीला पर्याय नसतो. एखाद्या जुन्या कर्नलमधल्या बगने लिहिलेली स्थिती आजची टूल्स घडवूच शकत नाहीत, कारण तो बग आता उरलेला नाही. पण त्या कर्नलने लिहिलेल्या डिस्क अजून वापरात असतील, म्हणून ती इमेज सोन्यासारखी जपायची. फझिंगमधून, म्हणजे यादृच्छिक बिघडलेला डेटा देऊन बघण्यातून, निघालेली इमेजही अशीच. सिझकॉलरसारखा फझर इमेज स्वतः घडवून माउंट करतो आणि कर्नल कोसळला की तीच पुरावा म्हणून देतो. आधी ती जितकी लहान करता येईल तितकी करा, मग ठेवा.

तिसरा प्रकार वापरकर्त्याच्या खऱ्याखुऱ्या बिघडलेल्या डिस्कचा. इथे सांभाळून. पूर्ण डिस्कची प्रत मागू नका, फक्त मेटाडेटा घ्या: ईएक्सटी४साठी ई२इमेज, एक्सएफएससाठी एक्सएफएस_मेटाडम्प, बीटीआरएफएससाठी बीटीआरएफएस-इमेज. एक्सएफएसचं टूल फाइलींची नावं आपणहून विद्रूप करतं, बाकीच्या दोघांना तसा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. आणखी एक खाच आहे. ईएक्सटी४मध्ये इनलाइन डेटा चालू असेल तर लहान फाइलींचा मजकूरच इनोडमध्ये असतो, म्हणजे मेटाडेटाबरोबर तोही बाहेर येतो. अशी इमेज सार्वजनिक रेपोत टाकण्याआधी डिस्कच्या मालकाला स्पष्ट विचारा. शक्य असेल तर तिच्यातला बिघाड समजून घेऊन तो कोऱ्या इमेजवर पुन्हा घडवा आणि मूळ इमेज पुसून टाका.

बायनरी ठेवाल तेव्हा शेजारी साध्या मजकुराची एक फाइल हवीच: इमेज कुठून आली, नेमकं काय बिघडलेलं आहे (इनोड नंबर, ब्लॉक नंबर, फील्ड, मूळ किंमत, बदललेली किंमत), कुठल्या बदलाने बग दुरुस्त झाला आणि एसएचए-२५६ काय आहे.

इमेजची टेस्ट चालवताना

मूळ इमेजला कधीही हात लावू नका, दर वेळी प्रत काढा. नुसतं माउंट केल्यानेही जर्नल रिप्ले होऊन (त्यातले राहिलेले बदल डिस्कवर लिहिले जाऊन) इमेज बदलते, मग ते माउंट ‘फक्त वाचण्यासाठी’ का असेना.

पहिल्या फेरीत ई२एफएससीके सक्तीने आणि सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणत चालवा. एक्झिट कोड १ यायला हवा, म्हणजे चुका सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. ४ म्हणजे चुका शिल्लक राहिल्या. ८ म्हणजे टूललाच काम करता आलं नाही. हे आकडे बिटांचे असल्याने त्यांची बेरीजही येऊ शकते, हे तुलना करताना ध्यानात ठेवा. दुसऱ्या फेरीत ० यायलाच हवा. दुसऱ्या फेरीतही काही ‘दुरुस्त’ होत असेल तर पहिली दुरुस्ती अपुरी होती. ई२एफएसप्रॉग्जवाले प्रत्येक टेस्ट दोनदा चालवतात ते यासाठीच.

इथे बरेच जण थांबतात. पण दुरुस्ती टूलने सगळ्या फाइली उडवून दिल्या तरी उरलेली फाइलसिस्टीम निर्दोषच ठरते! म्हणून तिसरी तपासणी जोडा. ज्या फाइलींना बिघाडाचा स्पर्शही नव्हता त्या सगळ्या जागेवर आहेत का आणि त्यांचे चेकसम मूळ मजकुराशी जुळतात का, ते बघा. ज्यांना स्पर्श होता त्या लॉस्ट अँड फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये गेल्या असतील तर तेही अपेक्षित यादीत लिहून ठेवा.

इंजेक्शन: कुठल्या थरावर

आता दुसरी बाजू. एरर सोडायला जागा अनेक आहेत. फाइलसिस्टीमच्या खाली डिव्हाइस मॅपरची (डिस्कवर आभासी डिस्क रचणाऱ्या कर्नलच्या भागाची) टार्गेट्स, म्हणजे वागणुकीचे प्रकार: फ्लेकी, एरर, डस्ट, डिले. त्याच्या आसपास कर्नलची स्वतःची फॉल्ट इंजेक्शन यंत्रणा, जी ब्लॉक विनंत्या फसवते (फेल_मेक_रिक्वेस्ट) किंवा मेमरी नाकारते (फेलस्लॅब). खोट्या स्कझी डिस्कसाठी स्कझी_डीबग. आणि खुद्द फाइलसिस्टीमच्या आत पेरलेल्या जागा. एक्सएफएसच्या डीबग बिल्डमध्ये ‘एररटॅग’ असतात, ते सिसएफएस या कर्नलच्या सेटिंगच्या फोल्डरमधून चालू केले की कोडमधली ठरावीक जागाच फसते. ईएक्सटी४ आणि एक्सएफएसची रोजची गरज डिव्हाइस मॅपर बरीचशी भागवतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

डीएम-फ्लेकीने वीज घालवणं

समजा, ‘एफसिंक केलेला डेटा वीज गेल्यावरही टिकतो’ हे तपासायचं आहे.

१. व्हर्च्युअल मशिनमध्ये पुरेशा आकाराची विरळ फाइल करा आणि लूप डिव्हाइसला (फाइललाच डिस्क म्हणून दाखवणाऱ्या साधनाला) जोडा. आकार ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये मोजा. ६४ एमबी म्हणजे १,३१,०७२ सेक्टर.

२. डीएमसेटअप या डिव्हाइस मॅपरच्या कमांडने त्यावर फ्लेकी डिव्हाइस बनवा. टेबलच्या ओळीत क्रमाने येतं: सुरुवातीचा सेक्टर ०, लांबी, टार्गेटचं नाव, खालचं डिव्हाइस, ऑफसेट ०, मग ‘धड’ काळाचे सेकंद आणि ‘बिघाड’ काळाचे सेकंद. आत्ता धड १८०, बिघाड ०.

३. फाइलसिस्टीम बनवा, फ्लेकी डिव्हाइस माउंट करा, एक फाइल लिहा, तिला एफसिंक करा. तिचा चेकसम बाहेर, दुसऱ्या डिस्कवर टिपून ठेवा.

४. लगेच दुसरी एक फाइल लिहा, पण तिला एफसिंक करू नका. हिचं काम पुढे कळेल.

५. टेबल बदला: धड ०, बिघाड १८०, फीचर्सची संख्या १, आणि फीचर ‘ड्रॉप_राइट्स’. आता खाली जाणारा प्रत्येक राइट मुकाट्याने गिळला जाईल आणि वर मात्र यश कळवलं जाईल.

६. अनमाउंट करा, टेबल पुन्हा धड करा, माउंट करा, तपासा.

पाचव्या पायरीत सगळी गोम आहे. टेबल बदलताना डिव्हाइस आधी सस्पेंड करावं लागतं, आणि डीएमसेटअपचं साधं सस्पेंड आधी फाइलसिस्टीम गोठवतं, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून घेतं. वीज जायच्या आधी सगळं व्यवस्थित सेव्ह करून घेतलं, तर ती वीज गेल्याची टेस्ट राहिली कुठे? म्हणून सस्पेंड करताना ‘नोलॉकएफएस’ हा पर्याय द्यायचाच. एफएसटेस्ट्स (जुन्या नावाने एक्सएफएसटेस्ट्स) या संचातली फ्लेकीची मदतनीस फंक्शन्स डीफॉल्टने तेच करतात.

चौथ्या पायरीतली फाइल याचाच पहारा करते. शेवटी तिचा मजकूर पूर्ण सापडला, तर इंजेक्शन झालेलंच नाही आणि पहिल्या फाइलचं टिकणंही काही सिद्ध करत नाही. ती एफसिंकनंतर लिहायची हेही महत्त्वाचं. आधी लिहिली तर पहिल्या फाइलचा एफसिंक जर्नल कमिट करताना हिचा मेटाडेटाही सोबत नेऊ शकतो.

राइट गिळण्याऐवजी फसवायचा असेल तर फीचर ‘एरर_राइट्स’. दोन्हींचा अर्थ वेगळा: गिळणं म्हणजे वीज गेली, फसवणं म्हणजे डिस्कने नकार दिला. काहीच फीचर दिलं नाही तर बिघाडाच्या काळात रीड आणि राइट दोन्ही फसतात.

नेमका ब्लॉक फसवणं

सगळंच फसवणं सोपं आहे, पण त्यातून कळतं कमी. पहिला राइट फसला की फाइलसिस्टीम हात वर करते आणि पुढचा कोड चालतच नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली वेगळी वाट धरली. ब्लॉक कुठल्या प्रकारचा आहे, म्हणजे जर्नलचा, इनोड टेबलचा, बिटमॅपचा की डेटाचा, हे ओळखून नेमका तोच फसवायचा. एकाच फाइलसिस्टीममध्ये एका प्रकारच्या ब्लॉकची एरर वर कळते आणि दुसऱ्या प्रकारची सरळ गिळली जाते, हे त्यातून उघड झालं. ईएक्सटी३ फसलेल्या राइट्सकडे अनेक ठिकाणी दुर्लक्ष करते, हेही दिसलं.

हे आज घरच्या घरी करता येतं. डंपई२एफएसने बिटमॅप आणि इनोड टेबलांचे ब्लॉक नंबर काढा, डीबगएफएसने जर्नलचे. मग डीएमसेटअपला तीन ओळींचं टेबल द्या: हव्या त्या ब्लॉकआधीचा भाग ‘लिनिअर’, तो ब्लॉक ‘एरर’, पुढचा भाग पुन्हा ‘लिनिअर’. ४ केबीचा एक ब्लॉक म्हणजे ८ सेक्टर, गुणाकार चुकवू नका. नशिबाचा भाग कमीत कमी असलेलं, नेमकं इंजेक्शन तयार होतं. मला सगळ्यात जास्त भरवसा याच प्रकारच्या टेस्टवर वाटतो. नापास झाली की कुठे बघायचं ते टेबलमध्येच लिहिलेलं असतं.

फक्त रीड फसवायचे असतील तर डीएम-डस्ट आहे, लिनक्स ५.२पासून. डीएमसेटअपच्या मेसेजने खराब ब्लॉकची यादी द्यायची आणि ‘एनेबल’ म्हणायचं. खराब ब्लॉकवर लिहिलं की तो बरा होतो, खऱ्या डिस्क सेक्टर बदलून देतात तसा. रीडच्या टेस्टमध्ये एक गोष्ट हमखास विसरली जाते. मजकूर पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या प्रतीत) असेल तर रीड डिस्कपर्यंत जातच नाही आणि एरर येत नाही. कॅश रिकामी करण्याचा सिसकंट्रोल आहे, पण मेटाडेटाच्या बाबतीत अनमाउंट करून पुन्हा माउंट करणं जास्त खात्रीचं.

कर्नलचं फॉल्ट इंजेक्शन

फेल_मेक_रिक्वेस्टसाठी कर्नल तशा कॉन्फिगसह बिल्ड केलेला हवा. टक्केवारी, अंतर आणि किती वेळा फसवायचं, हे आकडे द्यायचे आणि ज्या डिव्हाइसवर हवं त्याच्या सिसएफएसमध्ये ‘मेक-इट-फेल’ला १ लिहायचं. ‘टाइम्स’ची डीफॉल्ट किंमत १ आहे. म्हणजे एकदा फसलं की यंत्रणा गप्प, आणि बाकीची टेस्ट धड डिस्कवर चालते. मर्यादा नको असेल तर तिथे उणे १ लिहा.

पाच टक्के राइट यादृच्छिक फसवत रात्रभर ताण देणं उपयोगाचं आहे, पण त्यातून निघालेला बग पुन्हा घडवताना दमछाक होते. त्यापेक्षा चढती शिडी घ्या: पहिल्या चालीत पहिला कॉल फसवा, दुसऱ्या चालीत दुसरा, असं एकही कॉल न फसता चाल पूर्ण होईपर्यंत. मेमरी नाकारण्यासाठी याची सोय कर्नलमध्येच आहे, प्रॉकएफएसमध्ये प्रत्येक टास्कपुरती ‘फेल-एनटीएच’ नावाची फाइल असते. एका सिस्टीम कॉलमधली प्रत्येक मेमरी मागणी अशी क्रमाने नाकारता येते, आणि एरर परतताना काही सोडायचं, अनलॉक करायचं राहिलं असेल तर ते इथे उघडं पडतं. केएएसएएन, लॉकडेप आणि केमेमलीक ही मेमरी आणि लॉकच्या चुका पकडणारी साधनं चालू असलेला कर्नल यासाठी आवर्जून वापरा. त्यांच्याशिवाय चुकीचा कोडही बऱ्याचदा निमूट चालून जातो.

पास म्हणजे काय

इमेजच्या टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर लिहिणं सोपं असतं. इंजेक्शनमध्ये तेच सगळ्यात अवघड काम आहे. कर्नल कोसळला नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. नियम असा ठेवा: ॲप्लिकेशनला यश कळवलं असेल तर डेटा पुन्हा माउंट केल्यावर सापडलाच पाहिजे, आणि डेटा गेला असेल तर एरर कुठेतरी कळवलेली असलीच पाहिजे. तिसरी शक्यता म्हणजे नापास.

हा नियम किती खोल जातो ते २०१८मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या निमित्ताने जगाला कळलं. लिनक्समध्ये पार्श्वभूमीतला राइट फसला की ती पानं ‘स्वच्छ’ ठरवली जात. पहिला एफसिंक एरर देई, आणि ॲप्लिकेशनने पुन्हा एफसिंक केला तर तो यशस्वी होई, डेटा डिस्कवर नसतानाच. एरर नोंदवण्याची रीत लिनक्स ४.१३मध्ये सुधारली होती, तरी ‘पुन्हा करून बघू’ हा हिशेबच चुकीचा होता. शेवटी पोस्टग्रेसने २०१९च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये एफसिंक फसल्यावर थांबून आपल्या लॉगमधून सावरायचं धोरण घेतलं. तुमच्या टेस्टमध्येही एफसिंक दोनदा करा, फाइल दोन वेगवेगळ्या डिस्क्रिप्टरने उघडलेली ठेवा आणि दोघांनाही एरर कळते का ते बघा.

प्रत्येक टेस्टनंतर कर्नल लॉग चाळा आणि प्रत्येक टेस्टला वेळेची मर्यादा घाला. एक्सएफएस फसलेला मेटाडेटा राइट आपणहून पुन्हा पुन्हा करून बघतं. किती वेळा, ते सिसएफएसमधून ठरवता येतं. ती मर्यादा न घातल्यास टेस्ट लटकल्यासारखी वाटते.

दोन्हींना जोडणारा पूल: डीएम-लॉग-राइट्स

लिनक्स ४.१मध्ये आलेलं हे टार्गेट मला या सगळ्यात सर्वांत देखणं वाटतं. ते काही फसवत नाही. डिव्हाइसवर गेलेला प्रत्येक राइट दुसऱ्या डिव्हाइसवर क्रमाने नोंदवत जातं, फ्लश (कॅश डिस्कवर उतरवण्याची आज्ञा) आणि एफयूए (हा राइट थेट डिस्कवर लिहा ही आज्ञा) यांच्या खुणांसह. मध्येच तुमची स्वतःची खूणही टाकता येते, “इथे एफसिंक परतला” अशी. नंतर एफएसटेस्ट्समधल्या रिप्ले-लॉग टूलने ती नोंद कोऱ्या डिव्हाइसवर हव्या त्या बिंदूपर्यंत पुन्हा लिहायची. प्रत्येक फ्लशपाशी थांबून दुरुस्ती टूल तपासणीपुरतं चालवायला त्या टूललाच सांगता येतं.

म्हणजे एका धड चालीतून ‘नेमकी इथे वीज गेली असती तर’ अशा कितीतरी इमेज मिळतात आणि प्रत्येक पुन्हा घडवता येते. घटनेची स्थिती होते. रिनेमचा तो तिसरा बग इथेच पकडायचा. दोन गोष्टी सांभाळा. थांबलेल्या बिंदूवर माउंट कराल तेव्हा जर्नल रिप्ले होऊन डिव्हाइस बदलेल आणि पुढची नोंद भलत्याच पायावर चढेल, म्हणून माउंट नेहमी स्नॅपशॉटवर करा. आणि एका फ्लशपासून दुसऱ्यापर्यंतचे राइट खरी डिस्क कुठल्याही क्रमाने लिहू शकते, पण साधा रिप्ले नोंदीचाच क्रम पाळतो. ते क्रम उलटेसुलटे करून बघायला वेगळी साधनं लागतात. टेक्सास विद्यापीठातलं, २०१७ साली मांडलेलं क्रॅशमंकी त्यापैकी एक.

यातून बग सापडला की त्या बिंदूची इमेज उचलून कायमची टेस्ट करायचा मोह होतो. आधी ठरवा, बग लिहिणाऱ्या कोडमध्ये आहे की सावरणाऱ्या. जर्नल रिप्ले चुकत असेल तर इमेज योग्य. ती स्थिती डिस्कवर येणंच चूक असेल तर इमेज निरुपयोगी, कारण दुरुस्त केलेला कोड ती कधी लिहिणारच नाही आणि टेस्ट कशाचीच राखण करणार नाही. तिथे घटनाच पुन्हा घडवणारी टेस्ट ठेवा.

संचात घालण्याआधी

टेस्ट दुरुस्त कोडवर पास होते हे अर्धंच काम. दुरुस्तीचा पॅच काढून टाका आणि ती नापास होते का ते बघा, तेही बगच्या वाक्यात लिहिलेल्या कारणानेच. इंजेक्शनच्या टेस्टला ही परीक्षा पुन्हा पुन्हा द्यायला लावा, कारण वेळेच्या फरकाने ती कधी बग चुकवते. दहातून एकदाच पकडत असेल तर ब्लॉक नेमका करा किंवा शिडीवर जा.

मग वाटणी. इमेजच्या टेस्ट प्रत्येक कमिटला चालवाव्यात, त्यांना काही सेकंदच लागतात. लिनिअर-एरर टेबलच्या आणि फ्लेकीच्या टेस्ट प्रत्येक पॅच मालिकेला. यादृच्छिक ताण आणि लॉग-राइट्सचे लांबलचक रिप्ले रात्री, कोसळलं तर मशिन जसंच्या तसं जपून ठेवणाऱ्या व्यवस्थेत. अनोळखी इमेज फक्त व्हर्च्युअल मशिनमध्येच माउंट करा, आपल्या कामाच्या मशिनवर कधीही नाही. जुन्या फॉरमॅटच्या इमेज ‘आता हा फॉरमॅट कोण वापरतं’ म्हणून काढायला कोणी सुचवलं, तर आधी बघा की कर्नल तो फॉरमॅट अजून माउंट करू देतो का. देत असेल तर त्या टेस्ट चालू राहिल्या पाहिजेत.